बारा वाजले की सगळं ठीक

आमच्या जुन्या गाडीची तब्येत विचारायला तारेचा बोटभर तुकडा पुरतो. बॉनेट उघडायचं, बॅटरीजवळचा निदानाचा कपलर शोधायचा, त्याच्या ठरलेल्या दोन खाचांत तार अडकवायची. मग आत येऊन चावी ‘ऑन’वर फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे बघत बसायचं. दिवा एकदा लुकलुकतो, जरासा थांबतो, मग दोनदा लुकलुकतो. लांब विश्रांती घेऊन पुन्हा एक आणि दोन. एक आणि दोन म्हणजे बारा. मराठीत बारा वाजले म्हणजे संपलंच सगळं. या गाडीच्या भाषेत बारा म्हणजे ‘माझ्याकडे एकही तक्रार नोंदलेली नाही’.

गाडी २००२ सालची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक. मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरं आहेत. कार्बोरेटर जाऊन त्या जागी सेन्सर, इंजेक्टर आणि संगणक आल्याची ती खूण, आणि तेव्हा तिचा लोकांना अभिमान वाटायचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीच्या पैशांतून ती घेतली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरात २०१४ ची आणखी एक गाडी आहे, म्हणजे तीही आता जुन्यातच जमा. या दोन गाड्या आणि पेठेतले एक वायरमन चाचा, एवढी माझी शाळा. चाचांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून ते मला ‘मॅडम’ म्हणतात. गाडीच्या बाबतीत मात्र विद्यार्थिनी मीच.

१. तीनदा येऊ द्या, मग लिहा

पहिल्यांदा दिवा मोजला तेव्हा मी २४ लिहिलं. त्या गाडीत २४ म्हणजे वेगाचा सेन्सर. अख्खी दुपार आम्ही गिअरबॉक्सजवळची वायर तपासत होतो. प्रत्यक्षात कोड १४ होता, इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा. मी मधूनच मोजायला लागले होते, आणि आधीच्या कोडचं शेपूट पुढच्याला जोडलं होतं. प्रत्येक कोड तीन वेळा दाखवला जातो आणि मगच पुढचा येतो. लांब विश्रांती होईपर्यंत थांबायचं, तिथून मोजायला सुरुवात करायची, आणि तीनही वेळा तोच आकडा आला तरच कागदावर उतरवायचा. त्या दुपारनंतर मी घाई केलेली नाही.

२. पुसण्याआधी बघून घ्या

२०१४ च्या गाडीचा दिवा लागला होता. मी परगावी होते, वाटेतल्या एका गॅरेजमध्ये गेले. त्यांनी स्कॅनर लावला, दोन बटणं दाबली आणि म्हणाले, “कोड डिलीट केलाय, बिनधास्त जावा.” कोणता कोड होता ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

कोडसोबत संगणक त्या क्षणाचं चित्रही जपून ठेवतो. त्याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. दोष पकडला तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर होतं, पाणी किती तापलं होतं, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार किती होता, हे सगळं त्यात असतं. डॉक्टरांनी ‘कधीपासून दुखतंय, जेवल्यावर की उपाशीपोटी’ विचारावं तसं. कोड पुसला की हे चित्रही जातं. बॅटरीची वायर काढून ठेवली तर बहुतेक जुन्या गाड्यांत हेच होतं, आणि ‘बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो’ हा सल्ला तर जो तो देतो. दिवा जातो हे खरं. पण माझा दोष पुन्हा प्रकट व्हायला दोन महिने लागले, तेही भर पावसात खंबाटकी घाटात. ती हकीकत पुढे येईल.

३. दिवा म्हणजे शेजारी

हे वाक्य चाचांचं. “मॅडम, दिवा म्हणजे शेजारी हो. घरात भांडण चाललंय एवढं सांगतो. चूक कुणाची, ते त्याला कुठं ठाऊक?”

हे मला पटायला एक ऑक्सिजन सेन्सर फुकट बदलावा लागला. २०१४ च्या गाडीत पी ०१७१ आला. या अक्षर-आकड्यांची रचना समजून घेतली की भीती जाते. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. ‘बी’ बॉडी, ‘सी’ चॅसी, ‘यू’ संगणकांचं आपसातलं बोलणं. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड. तिथे एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या पुस्तकात शोधावा लागतो. त्यानंतरचा आकडा विभाग सांगतो: एक आणि दोन इंधन-हवा, तीन इग्निशन, चार धुराचं नियंत्रण, पाच वेग आणि आयडलिंग. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हवा जास्त असल्याचं संगणकाला सांगतो ऑक्सिजन सेन्सर. म्हणून एका गॅरेजनं तोच बदलायला लावला. साडेतीन हजार रुपये गेले आणि पाचव्या दिवशी दिवा परत लागला.

तोवर मी मोबाइलला जोडायचं ब्लूटूथ यंत्र घेतलं होतं. त्यात ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा दिसतो. संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते तो सांगतो. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या पुढे गेला की लक्ष द्यावं. माझ्या गाडीत आयडलिंगला तो अधिक २२ होता, आणि २,५०० फेऱ्यांवर रेस धरली की अधिक ६ वर यायचा. मी हे आकडे चाचांना वाचून दाखवले. त्यांनी विचारलं, “सकाळी थंड गाडी चालू करताना टिक्-टिक् आवाज येतो का?” येत होता. गाडी तापली की थांबायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन थंड असताना, पेट्रोलचा वास कुठे नाही याची खात्री करून आम्ही गाडी चालू केली, उदबत्ती पेटवली आणि एक्झॉस्टच्या जोडाजवळ धरली. एका जागी धुराची रेघ थरथरायला लागली. गॅस्केट फुटलं होतं. इंजिनाच्या प्रत्येक फुंकरीमागे क्षणभर दाब उतरतो, तेव्हा त्या भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि थेट सेन्सरवर जायची. आयडलिंगला हा परिणाम मोठा, रेस वाढली की कमी. म्हणजे जुना सेन्सर खरंच ऑक्सिजन बघत होता आणि खरंच सांगत होता. त्याच्यावर विश्वास ठेवून संगणक बिचारा पेट्रोल वाढवत राहिला. चारशे रुपयांच्या आत काम झालं. काढून टाकलेला सेन्सर माझ्या कपाटात आहे. मुलांना दाखवते मी.

४. उणे ४० दिसलं तर आनंद माना

मे महिन्यातली गोष्ट. पी ०११३ आला होता, आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा. मोबाइलवर पाहिलं तर हवेचं तापमान उणे ४० अंश. सेल्सिअस आणि फॅरेनहाइट दोन्ही मोजपट्ट्या ज्या एकाच आकड्यावर भेटतात तो हा आकडा; वर्गात मी तो दरवर्षी फळ्यावर लिहिते. साताऱ्याच्या उन्हात तो मोबाइलवर बघताना मजा वाटली.

कारण साधं आहे. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्णतेत कमी होतो. वायर तुटली तर रोध अमर्याद होतो, आणि संगणकाला वाटतं की बाहेर कल्पनेपलीकडची थंडी आहे. म्हणून तो मोजपट्टीचं टोक दाखवतो. याच्या उलट, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर उकळत्या पाण्याहून जास्त तापमान दिसतं.

आता यावरून निदान करता येतं, आणि मला याहून सुंदर प्रयोग गाडीत दुसरा माहीत नाही. सेन्सरचा कपलर काढायचा, वायरीकडच्या बाजूची दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडायची आणि आकडा बघायचा. उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला गेला तर वायर आणि संगणक दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. ढिम्म हलला नाही तर वायर तपासा. (एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मात्र हात लावायचा नाही. हा प्रयोग फक्त दोन वायरींच्या तापमान-सेन्सरपुरताच.) माझा आकडा हलला नाही. एअर फिल्टरच्या डब्यामागे उंदरानं वायर कुरतडली होती, शेजारी शेंगांची टरफलंही होती. नवी वायर जोडून, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली. सेन्सर तोच आहे.

५. बारा आला म्हणून गाडी बरी असतेच असं नाही

आता जुन्या गाडीकडे येते. ही गोष्ट मला सगळ्यात जवळची.

गाडी लिटरला सोळा किलोमीटर द्यायची, ती अकरावर आली. प्लग काळे निघू लागले. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. तार घालून दिवा मोजला: बारा. पुन्हा मोजला: बारा. तीन ठिकाणी दाखवली. ‘गाडीचं वय झालं’, ‘इंजेक्टर बदला’, ‘काढून टाका आता’. अण्णांच्या गाडीबद्दल हे ऐकताना जीव तुटायचा.

अशा जुन्या गाडीचा संगणक सेन्सरबद्दल कोड टाकतो तो आकडा अशक्य वाटला तरच. उणे ४० अशक्य म्हणून तो ओरडतो. पण पाणी ८० अंशांवर असताना सेन्सर ४५ म्हणाला तर? ४५ हा अगदी शक्य आकडा आहे. गाडी अजून तापायची आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहील, आणि तक्रार काहीच नोंदणार नाही.

सेन्सर काढून स्वयंपाकघरात आणला. जुन्या पातेल्यात पाणी, प्रयोगशाळेतला तापमापक आणि मल्टिमीटर. २० अंशांना सुमारे २,४५० ओहम. ८० ला सुमारे ३२०. वहीत आलेख काढला, वळण अगदी गुळगुळीत. सेन्सरमध्ये काहीही खोट नव्हती. मी निराश झाले होते, पण चाचा म्हणाले, “तुम्ही सेन्सर तपासला. संगणकाला काय ऐकू येतंय ते कुठं तपासलंय?”

मग सेन्सर परत बसवला, गाडी तापवली, बंद केली, संगणकाकडचा मोठा कपलर काढला आणि तिथून त्याच दोन वायरींमधला रोध मोजला. ९२० ओहम. वाटेत कुठेतरी ६०० ओहम वाढले होते. सेन्सरच्या कपलरचं रबर फाटलं होतं, वर्षानुवर्षं पावसाचं पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या होत्या.

थंड असताना २,४५० मध्ये ६०० मिळवले तर फरक पाच-सहा अंशांचाच. म्हणून सकाळी गाडी अगदी व्यवस्थित वागायची. तापल्यावर ३२० मध्ये तेच ६०० मिळवले की ८० चे ४५ होतात. रेडिएटरच्या पंख्याला आणि डॅशबोर्डवरच्या काट्याला वेगळे सेन्सर होते, त्यामुळे तिथेही काही कळायला मार्ग नव्हता. एका मालिका-जोडणीचं गणित! अकरावीच्या पुस्तकातलं. पिना साफ केल्या, कपलर बदलला. पुढच्या टाकीला गाडी पुन्हा पंधराच्या वर गेली. त्या दिवशी अण्णांच्या फोटोसमोर मी ती वही ठेवली होती.

६. एकदम सात कोड म्हणजे सात सेन्सर मेले असं नाही

त्यांचं सामाईक काय ते शोधा. बरेच सेन्सर एकाच पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर आणि एकाच अर्थिंगवर असतात. कुठल्याही एकाची पाच व्होल्टची वायर घासून बॉडीला लागली तरी सगळे ओरडतात. आमच्याकडे इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली होती. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनाच्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचा. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, आम्हाला ०.९ दिसलं. आणि त्याही आधी बॅटरी बघा. ती दुबळी असेल तर बाकीचं काहीही खरं मानू नये.

७. सोळा पिनांचं भोक दिसलं म्हणून बोलणं होईलच असं नाही

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना ओबीडी-२, म्हणजे दोष नोंदवायची सामाईक पद्धत, सक्तीची झाली, म्हणून परदेशी माहितीत ‘१९९६ नंतरची गाडी’ असं सारखं भेटतं. आपल्याकडे तो हिशोब लागू नाही. इथे बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांसोबत २०१० मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत स्टिअरिंगखाली तसाच सोळा पिनांचा सॉकेट असतो, पण आतली बोली कंपनीची स्वतःची. तिथे मोबाइलचं स्वस्त यंत्र ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतं आणि माणूस समजतो की संगणक जळाला. अशा गाडीला त्या कंपनीची बोली येणारा गॅरेजचा स्कॅनरच लागतो.

यंत्राचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचे बारा व्होल्ट यायला हवेत. बऱ्याच गाड्यांत तो फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटशी जोडलेला असतो, आणि मोबाइल चार्जरनं तो उडालेला असतो.

८. लुकलुकणाऱ्या दिव्याला वाट बघायला लावू नका

स्थिर दिवा म्हणजे सवडीनं दाखवा. चालत्या गाडीत दिवा लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी. इंजिन मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय, आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो.

खंबाटकीत तेच झालं. जुलैचा पाऊस, पुढे ट्रकांची रांग, गाडी धक्के द्यायला लागली आणि दिवा लुकलुकू लागला. बाजूला रुंद जागा मिळाल्यावर थांबले, यंत्र लावलं: पी ०३०३, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. या वेळी फ्रीझ फ्रेमही हाताशी होती: गिअर खालचा, भार जास्त, इंजिन गरम. हळूहळू घाट उतरून घरी आले. चाचांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली. “आता परत भार टाका. कोड कुठं जातोय बघू.” कोड पी ०३०१ झाला. दोष कॉइलबरोबर चालत गेला, म्हणजे कॉइलच दोषी. एक रुपया खर्च न करता कळलं. तिच्या रबरी टोपीला केसाएवढी चीर होती, आणि पावसाळी दमट हवेत भार आला की ठिणगी तिथून बाहेर उडायची. दोन महिन्यांपूर्वी पुसला गेलेला कोड हाच असावा असं मला वाटतं.

९. गाडी बरी असताना आकडे बघून ठेवा

ताप मोजायचा तर नेहमीचं तापमान माहीत हवं. चावी ‘ऑन’, इंजिन बंद, अशा वेळी मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ८६. मुलांना घेऊन गेले होते तेव्हा पाचगणीपासून वर हा आकडा उतरताना त्यांनी मोजला. गाडीत वायुभारमापक बसवलेला आहे हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. दोन्ही गाड्यांचे निरोगी आकडे माझ्या वहीत पहिल्या पानावर आहेत, आणि आजारपणात तेच पान सगळ्यात जास्त उघडलं जातं.

१०. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच पाहिजे

जुनी गाडी घेताना हे आधी बघा. चावी ‘ऑन’ केली की दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. एका सहकारी मॅडमनी घेतलेल्या जुन्या गाडीत तो कधी लागायचाच नाही, आणि त्या समाधानी होत्या. चाचांनी मीटर उघडला तर आतला बल्बच काढून टाकलेला. नवा बल्ब बसवला.

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं म्हणतात. लुकलुकणारा दिवा त्यांना आता नीट दिसत नाही. म्हणून त्या दिवशी, नवा बल्ब लागल्यावर, मोजायला मी बसले. ते दारापाशी स्टुलावर, डोळे मिटून.

“दोन… एक,” मी म्हणाले.

“एकवीस. थ्रॉटलचा सेन्सर,” ते म्हणाले. मी वही उघडली तसा त्यांनी हात वर केला. “थांबा मॅडम. तीनदा येऊ दे.”